विरीची ताटं आणि आमची नाकं

माझी धाकटी जाऊ वेदावती म्हणजे पायाला भिंगरी. लग्न होऊन ती या घरात आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन तिच्या खोलीत गेले तर खोली रिकामी. नवी नवरी गेली कुठे म्हणून घरभर शोधाशोध, सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. शेवटी सापडली कुठे, तर मागच्या पोफळीच्या बागेत. नव्या साडीचा पदर कमरेला खोचून पडलेल्या झावळ्या गोळा करत होती. मला बघून म्हणाली, "अक्का, या धबाधब पडत होत्या. पडून राहिलेलं मला बघवत नाही." मी म्हटलं, "बाई गं, पहिल्या रात्री तू झावळ्या पडल्याचे आवाज ऐकत होतीस होय!" माझा दीर कुशालप्पा तिथेच उभा होता, तो गोठ्यात पळून गेला तो दुपारीच बाहेर आला.

मी तशी नाही. मी विड्या वळते. भिंतीला पाठ, पाय लांब, मांडीवर सूप आणि समोर टीव्ही. देवानं बसायला जागा दिली आहे ती वापरावी असं माझं मत. वेदावतीनंही विड्या वळून बघितल्या, पण तिला एका जागी बसवेना. मग तिनं परसात मल्लिगेची फुलं लावली. मग मधमाश्या पाळल्या, त्या तिला सोडून मला चावल्या. मग अळिंबी केली. रबराच्या झाडांना पहाटे चिरे पाडायला कुशालप्पाबरोबर जायची, चीक गोळा करायची, शीटा लाटायची, आणि हे सगळं करून घरी आली की विचारायची, "अक्का, आता काय करू?" मी म्हणायची, "मर जरा वेळ." ती हसायची आणि विहिरीवर जायची.

तिला ताटांचं वेड लागलं ते त्या खड्ड्यापायी.

आमच्या गावच्या राखणदार दैवाचा वर्षातून एकदा नेम, म्हणजे उत्सव, होतो. सगळं गाव दुपारी दैवस्थानात जेवतं. मंगळूरला आणि तुमच्या मुंबईला हॉटेलं टाकून बसलेले गाववाले मोटारी काढून येतात, बायकापोरं घेऊन. जेवणं झाली की उष्टी पानं दैवस्थानामागच्या खड्ड्यात जायची. खड्डा दरवर्षी त्याच जागी. केळीची पानं होती तोवर वर्षात त्याची काळी माती व्हायची, आणि ती माती न्यायला लोक भांडायचे. पण केळी राहिल्या कुठे? सगळ्यांनी केळी तोडून रबर लावलं, आम्हीही लावलं. मग जेवायला ती कागदी ताटं आली, वर प्लास्टिकचा पातळ थर आणि मधोमध गुलाब छापलेला. घरी न्यायचं पायस गरमागरम पातळ पिशवीत ओतून तोंडाला गाठ.

त्या वर्षी पुरुष मंडळी खड्डा उकरत होती आणि आम्ही बायका भाजी चिरत होतो. पहिल्याच कुदळीला मागच्या वर्षीचं ताट वर आलं. गुलाब तसाच ताजा. मग दुसरं, मग दहा. मग एक पिशवी आली, गाठ मारलेली, आत पिवळं पाणी. पुरुषांनी नाकाला टॉवेल बांधले आणि बाजूला नवा खड्डा घ्यायचं ठरवलं. वेदावती हातातली सुरी घेऊन खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "दैवाच्या पाठीमागे आपण वर्षभर हे ठेवलं होतं?"

"मग काय घरी आणून ठेवायचं होतं?" मी म्हटलं. "चल, सुरण चिरायचंय."

ती आली खरी, पण सुरणाचे एवढे मोठे तुकडे केले की नंतर मला परत चिरावे लागले.

नेम संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात दैवस्थानाच्या अंगणात सभा असते, हिशोब-बिशोब सांगायला. बायका मागे बसतात, पान खातात, घरी जातात. वेदावती उठून उभी राहिली. "धनी, पुढच्या नेमाला ताटं मी देते. पोफळीच्या विरीची."

धनी म्हणजे कमलाक्ष रै, दैवस्थानाचे अध्यक्ष. गावातला सगळ्यात मोठा रबराचा मळा त्यांचा. माणूस वाईट नाही, पण बाईमाणूस उभं राहून बोललं की त्यांना पाणी प्यावं लागतं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "वेदावती, तुझ्या मधमाश्यांचं काय झालं?"

सगळी सभा खो खो हसली. मीही हसले, चावल्या होत्या मला. वेदावतीचे कान लाल झाले. ती सरळ चालत पुढे गेली आणि दैवाच्या उंबऱ्याला हात लावून म्हणाली, "पुढच्या नेमाला या अंगणात प्लास्टिकच्या ताटात कुणी जेवणार नाही. हा माझा शब्द."

मग कुणी हसलं नाही. आमच्याकडे माणसं कोर्टात खोटं बोलतात, पोलिसांशी बोलतात, नवऱ्याशी तर बोलतातच, पण त्या उंबऱ्यावर कुणाची छाती होत नाही. धनीही उभे राहिले. म्हणाले, "बरं. शब्द दिलास, मी अडवणार नाही. पण माझंही ऐक. एकाही पाहुण्यानं तुझ्या ताटाला नाव ठेवलं तर हा विषय कायमचा मिटला. परत कुणी काढायचा नाही."

घरी येताना मी तिला म्हटलं, "अगं, तुला वेड लागलंय का? शब्द घरी द्यायचा, तिथे नाही." ती म्हणाली, "घरी दिला असता तर तू हसली असतीस."

विरी म्हणजे पोफळीच्या झावळीच्या देठाशी असते ती रुंद, जाड साल. झावळी आपोआप गळून पडते तेव्हा तिच्याबरोबर येते. आमच्या लहानपणी बागेत कामाला जाणारी माणसं तिच्यातच भात बांधून न्यायची, केळीच्या सोपटानं बांधून. आता ती गुरांना घालतात नाहीतर चुलीत. वेदावतीनं पुत्तूरहून जुनं यंत्र आणलं. विरी धुवायची, जरा ओली करायची, गरम साच्यात ठेवून दाबायची, की झालं ताट. ऐकायला सोपं. पण विरी पडली त्याच दिवशी उचलावी लागते, उन्हात कडक वाळवावी लागते. एक रात्र दवात राहिली तर काळे ठिपके येतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

म्हणजे ती आता सगळ्या गावाच्या बागा पालथ्या घालायला मोकळी झाली. पहाटे रबर, मग बागा, मग वाळवण, मग यंत्र. कुणाच्या बागेत झावळी पडल्याचा आवाज झाला की जेवता जेवता तिची मान तिकडे वळायची. हातांवर साच्याचे चटके. कुशालप्पा गरीब गाय, काही बोलायचा नाही, फक्त खोबरेल तेलाची वाटी तिच्याजवळ सरकवून ठेवायचा.

बोलायची ती तिची लेक, धन्या. बंगळूरला कंपनीत नोकरी, तिथेच कुठेतरी आठव्या मजल्यावर राहते. एकदा फोनवर दोघींची जुंपली आणि मी तिथेच विड्या वळत होते म्हणून सगळं ऐकलं.

"अम्मा, मी इथे रोज फोनवरून जेवण मागवते," धन्या म्हणत होती. "एका जेवणाला चार डबे, दोन पिशव्या, चटणीची पुडी वेगळी, चमचा वेगळा. सगळं प्लास्टिक. आमच्या एका मजल्याचा रोजचा कचरा बघितलास तर तू ते यंत्र विहिरीत टाकशील. तुझ्या एका दुपारच्या ताटांनी काय होणार आहे? कशाला स्वतःला जाळून घेतेस?"

"तू डबा घेऊन का जात नाहीस?"

"डबा करायला वेळ कुणाला आहे गं!"

"मला आहे का?"

तिकडून फोन ठेवला की इकडून, मला कळलं नाही. वेदावतीनं झाडू घेतला आणि अंगण झाडायला लागली. अंगण तिनं सकाळीच झाडलं होतं. मी म्हटलं, "पोरगी काही चुकीचं नाही बोलली." ती म्हणाली, "चुकीचं नाही बोलली म्हणूनच राग येतोय, अक्का."

आणि मग पाऊस. दिवाळी झाली तरी जाईना. कार्तिक संपत आला तरी दुपार झाली की आभाळ भरून यायचं. विऱ्या वाळेनात. अंगणात घातल्या की पाऊस, पडवीत घातल्या की बुरशी. ठिपके पडलेल्या विऱ्यांचा ढीग गोठ्यापर्यंत गेला, गुरंसुद्धा तोंड लावेनात. नेम तोंडावर आला आणि ताटं पुरती निम्मीही झाली नव्हती. वेदावतीचं जेवण सुटलं. आभाळाकडे बघून शिव्या द्यायची, मग त्याच आभाळाला हात जोडायची. रात्री कौलांवर थेंब वाजला की त्यांच्या दाराची कडी वाजलीच म्हणून समजा.

एके दिवशी ती धावत माझ्याकडे आली. डोळे मोठे. "अक्का! धुराची खोली!"

रबराच्या शीटा लाटल्या की त्या वाळवायला धुराची खोली असते, खाली विस्तव, वर बांबूवर शीटा टांगलेल्या. आमच्या गावात ज्याच्या त्याच्या परसात आहे. पावसात झाडांना चिरे पाडत नाहीत, चीक नाही, म्हणून खोली रिकामीच पडलेली. तिथे विऱ्या टांगल्या तर? आम्ही सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. इतकी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही! मी तर तिच्या पाठीवर थाप मारली, "तुला अध्यक्ष करायला पाहिजे." कुशालप्पानं स्वतः नारळाच्या सोडणांचा विस्तव केला. दोन दिवसांत विऱ्या कडकडीत. ताटंही झाली झकास, रंग जरासा तांबूस, भाजलेल्या पापडासारखा. मला तर पहिल्या पांढऱ्या ताटांपेक्षा हीच आवडली. धनी बघायला आले, नखानं वाजवून बघितलं, पाणी ओतून बघितलं, गळेना. म्हणाले, "बरी आहेत." धनींच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

नेमाच्या आदल्या दिवशी धन्या आली. आईचे हात बघितले आणि बॅग पडवीतच टाकून कामाला लागली. रात्री उशिरापर्यंत ताटं मोजून चळती बांधत बसली. मी म्हटलं, आली बाई ताळ्यावर.

नेमाच्या दिवशी स्वयंपाकाला उडुपीकडचे वादिराज उडुप होते. मोठा माणूस, म्हणजे पोटानं आणि नावानंही. त्यांच्या हाताच्या सारासाठी लोक लांबून येतात. वाढायच्या आधी एक ताट स्वतः वाढून बघायची त्यांची पद्धत. वेदावतीनं मोठ्या तोऱ्यात चळतीवरचं ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उकड्या तांदळाचा भात घेतला, त्यावर वाफाळतं सार ओतलं, वास घ्यायला वाकले आणि एकदम मागे झाले.

"सार नासलं!" ते ओरडले. पातेल्याकडे धावले, पळीत सार घेऊन हुंगलं, चाखलं. सार उत्तम. परत ताटाकडे आले, परत वाकले, परत मागे. "अगं मारायती, हे काय आहे? ताटात काय मेलंय?"

"कुठे काय?" वेदावतीनं ताट नाकाशी धरलं. "सार छान आहे, भट्रे."

"सार छानच आहे, सार मी केलंय! ताटाचा वास घे!"

तिनं मला बोलावलं. मी हुंगलं. साराचा वास, हिंगाचा, कोथिंबिरीचा. तोंडाला पाणी सुटलं. कुशालप्पानं हुंगलं, तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "अत्तिगेला येत नाही, मला कसा येईल?" चार बायका आल्या, त्यांनी हुंगलं, त्यांनाही काही नाही. उडुपांनी कपाळावर हात मारला. "सगळ्या गावाची नाकं गेली की काय!"

वेदावतीनं हाक मारली, "धन्या! इकडे ये!"

धन्या रांगोळीचे हात पुसत आली. आईनं तिच्यासमोर ताट धरलं. पोरीनं वास घेतला आणि तिचं तोंड उतरलं. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बोल," वेदावती म्हणाली.

"येतो, अम्मा."

"कसला?"

"रबराचा. कुजकट, आंबट धूर. गरम सार पडलं की येतो." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचा. तुम्ही त्यातच राहता."

अहो, खरंच की. आमच्या गावात घरोघरी शीटा टांगलेल्या. कपड्यांच्या दोरीवर लुगडं आणि शेजारी रबर. पाहुणे आले की नाक मुरडतात, आणि आम्हाला वाटतं शहरात राहून माणसं नखरेल होतात. सगळ्या गावानं मिळून ती युक्ती वाखाणली होती, आणि एकालाही वास आला नव्हता. बंगळूरला जाऊन पोरीचं नाक तेवढं शाबूत राहिलं होतं.

एवढ्यात धनी आले. कुणीतरी सांगितलंच असणार. त्यांनी ताट उचललं, डाव्या नाकपुडीनं हुंगलं, उजव्या नाकपुडीनं हुंगलं. "मला तर काही येत नाही," ते म्हणाले, "भूक तेवढी लागली." उडुप काहीतरी बोलणार तोच ते पुढे म्हणाले, "पण मुंबईवाल्यांना येईल. मंगळूरवाल्यांना येईल. दैवाच्या अंगणात पाहुणा नाक धरून जेवला तर लाज माझ्या गावाची." आणि माणसांना हाक मारली, "गाडीतली ताटं उतरवा रे."

म्हणजे त्यांनी आणून ठेवलीच होती. गुलाबाची.

वेदावती त्या ताटांच्या चळतींभोवती फिरायला लागली. फेऱ्या मारतेय, एक ताट उचलतेय, ठेवतेय, दुसरं उचलतेय. बाहेर मोटारी लागायला लागल्या होत्या, चेंडे, म्हणजे आमचे ढोल, वाजत होते. कुशालप्पा जवळ येऊन पुटपुटला, "वाढून टाकू. गर्दीत कोण ताटात नाक खुपसून बसणार आहे?" मलाही तेच वाटत होतं. मी म्हटलं, "वेदू, गप्प बस आणि वाढू दे. धनींनाच वास येत नाही तर तू कशाला ढोल वाजवतेस?"

"उंबऱ्यावर शब्द दिलाय, अक्का."

"उंबऱ्यावर तू प्लास्टिकचं बोलली होतीस, वासाचं एक अक्षर बोलली नव्हतीस!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच कसंतरी झालं. "लोक जेवायला येतात," ती म्हणाली. "माझ्या शब्दापायी नाक दाबून बसायला नाही." आणि हातातल्या दोन ताटांकडे बघत थांबली. एक पांढरं, एक तांबूस. मी सांगते, त्या बाईला इतका वेळ स्थिर उभी राहिलेली मी पहिल्यांदा बघितली.

"धनी, ती ताटं उतरवू नका!" ती एकदम ओरडली. "धन्या, पांढरी वेगळी कर. पावसाआधीची आहेत ती. पटापट."

आम्ही सगळ्या चळतींवर तुटून पडलो. पांढरी इकडे, तांबूस तिकडे. शंका आली की धन्या नाकाशी धरायची, गरम पाण्याचे दोन थेंब टाकायची. उडुपही एका हातात पळी घेऊन हुंगायला बसले, आणि शिव्या इतक्या छान दिल्या त्यांनी की मी लक्षात ठेवल्या आहेत. धनी कमरेवर हात ठेवून बघत होते. "पांढरी किती भरतील?" त्यांनी विचारलं. वेदावती म्हणाली, "पाहुण्यांपुरती. आणि जे म्हातारे येऊ शकत नाहीत त्यांच्या भाताच्या पुड्यांपुरती." "आणि गाव?" धनी म्हणाले. ती सरळ मंडपात गेली आणि माइक घेतला.

माइकवर आमच्याकडे देणगीदारांची नावं वाचतात. तिचा आवाज आला तेव्हा लोक आपलं नाव ऐकायला थांबले.

"मी कुशालप्पांची वेदावती बोलतेय," ती म्हणाली. "माझ्या काही ताटांना रबराचा वास लागलाय. मी विऱ्या धुराच्या खोलीत वाळवल्या. चूक माझी. मला तो वास येत नाही, तुम्हालाही येणार नाही, कारण आपण सगळे रबरवाले. ज्यांच्या घरी रबर आहे त्यांनी डाव्या मांडवात बसावं, तिथे तांबूस ताटं आहेत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी उजवीकडे बसावं, तिथली ताटं स्वच्छ आहेत. वास येत असेल आणि सांगायला लाज वाटत असेल तर लाजू नका, उजवीकडे या. अन्नाची काही चूक नाही, ताटाची आहे. ताटाची म्हणजे माझी."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "माझी बायको रबराची आहे, मी मुंबईचा. मी कुठे बसू?" आणि जो हशा पिकला! चेंडेवाल्यांची लय चुकली. लोक उठून जागा बदलायला लागले, एकमेकांना ढकलत, "चल रे रबरवाल्या", "तुझी नाकपुडी कुठली, शहरी का गावठी?" मुंबईच्या एका हॉटेलवाल्यानं डाव्या मांडवात येऊन एक ताट हुंगलं, डोळे पुसले आणि निमूट उजवीकडे गेला. मी धनींकडे बघितलं. त्यांना पाणी प्यावं लागलं. पिऊन झाल्यावर ते डाव्या मांडवात गेले आणि पहिल्या पंक्तीत मांडी घालून बसले. "गावात सगळ्यात जास्त रबर माझं," ते म्हणाले. "वाढा."

गुलाबाची ताटं गाडीतच राहिली. पुढच्या वर्षीचं काय ते कुणी काढलं नाही. धनी काही लगेच विरघळणारा माणूस नव्हे, आणि पाऊस पुढच्या वर्षीही यायचाच.

मी डावीकडच्या शेवटच्या पंक्तीत बसले होते, बसायचं काम माझ्याकडेच. वेदावती साराची बादली घेऊन वाढत येत होती. चेहरा ओढलेला, डोळे सगळ्यांच्या नाकांवर. कुणी नाक ओढलं की हिचा जीव खालीवर. इतक्यात माझ्या शेजारी धन्या येऊन बसली, तांबूस ताट पुढे ओढून.

वेदावती थबकली. "तू इथे काय करतेस? तुला येतो ना वास. उजवीकडे बस."

"तिथे पाहुण्यांनी बसायचंय असं तूच माइकवर म्हणालीस."

"धन्या, हट्ट करू नकोस. तिकडे पांढरी ताटं आहेत."

"अम्मा, वाढ."

वेदावतीनं सार वाढलं. लक्ष सगळं लेकीच्या तोंडाकडे, निम्मं माझ्या ताटात सांडलं. वाफ वर आली. पोरगी तोंडानं श्वास घेत होती, डोळ्यांत पाणी तरारलं होतं. मला काही वास येत नव्हता, पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून जन्मात पहिल्यांदा मला आमच्या घराचा वास काय असेल ते कळलं. तिनं भात कालवला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला. वेदावती बादली धरून तिथेच उभी. मागची माणसं सारासाठी ओरडत होती.

"येतोय ना?" तिनं हळूच विचारलं.

"येतोय की," धन्या म्हणाली. नाक पुसलं आणि ताट पुढे केलं. "घरचाच आहे. अजून वाढ."